गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे!

सरकारी भरतीचा फॉर्म भरताना ‘प्रकल्पग्रस्त’ असा एक रकाना येतो. आपल्यातले बरेच जण तिथे ‘नाही’ टिक करून पुढे सरकतात. पण बाभुळगावकडच्या एखाद्या मित्राला विचारून बघा. बेंबळा धरणात ज्यांची गावं गेली, त्यांच्यासाठी त्या रकान्यामागे गेलेलं घर आणि गेलेलं शेत असतं. सीमा ओलांडून आलेल्यांना आपण निर्वासित म्हणतो. स्वतःच्याच देशात घर सोडावं लागलेले ते विस्थापित. अशा लोकांच्या आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी एक मराठी वकील आयुष्यभर झटली: ॲड. वसुधा धागमवार. विदर्भातल्या लेखिका गीता साने यांची ही लेक.

वडशाचं ते प्रकरण

मार्च १९७२. देसाईगंज, म्हणजे वडसा. तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात, आता गडचिरोलीत. एका कोवळ्या वयाच्या आदिवासी मजूर मुलीवर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. का? तर मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या!

हेच ‘मथुरा प्रकरण’. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधाताई या चौघांनी थेट सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मुद्दा साधा होता: भीतीपोटी शरण जाणं म्हणजे संमती नव्हे. बंद ठाण्यात, खाकी वर्दीसमोर एका गरीब पोरीने किती विरोध करायचा?

८ मार्च १९८० ला देशभरात स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असं स्त्रीने कोर्टात सांगितलं, तर कोर्टाने ते गृहीत धरायचं, अशी तरतूद आली. त्या मुलीचा निकाल मात्र बदलला नाही.

गावांना कुणी विचारलं?

१९८५ मध्ये वसुधाताईंनी दिल्लीत ‘मार्ग’ ही संस्था सुरू केली. कायदा लोकांच्या भाषेत लोकांपर्यंत न्यायचा, हे तिचं काम. सरदार सरोवरात बुडणाऱ्या मध्य प्रदेशातल्या गावांत जाऊन संस्थेने लोकांनाच विचारलं, ‘तुम्हाला काय माहीत आहे?’ पाणी कधी येणार, कुठवर येणार, बदल्यात काय मिळणार, याची धड माहितीच अनेकांना नव्हती. ज्यांना काही सांगितलंच नाही, त्यांचं गप्प राहणं होकार कसं धरायचं? वडशाच्या मुलीचा आणि या गावांचा प्रश्न शेवटी एकच.

वसुधाताई २०१४ मध्ये गेल्या. त्यांचं काम पुढे न्यायला लॉ कॉलेजातच असायला हवं असं नाही. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा किंवा १५१०० वर फोन लावायचा. घरी, शेजारी, गावात ज्यांना हे ठाऊक नाही, त्यांना आज एवढं तरी सांगा.