वाडीतलं नेट आणि तुमचा धंदा: रत्नागिरीतली एक मोकळी जागा

व्हिडिओत जे भराभर सांगितलं, ते आज सावकाश लिहून देतोय. विषय आहे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुस्लिम मोहल्ल्यांमधलं आणि बौद्धवाड्यांमधलं इंटरनेट. यात समाजाचं काम आहे आणि तुमचा धंदाही आहे.

अडचण नेमकी कुठे आहे?

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ साली मंजूर झाली. आज तिला ‘भारतनेट’ म्हणतात. पण कोकणातलं गाव म्हणजे एक वस्ती नव्हे. मधे डोंगर, पऱ्या, खाडी. तार ग्रामपंचायतीपर्यंत आली, तरी टोकाची वाडी किंवा खाडीकाठचा मोहल्ला लांबच राहू शकतो.

दुसरी अडचण शिकण्याची. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कारण आपल्याला माहीतच आहे: कमावती माणसं मुंबईला, नाहीतर आखातात. घरी राहिलेल्या ताईला व्हिडिओ कॉल जमतो. पण क्यूआर कोडवर पैसे घेणं, मालाचा कॅटलॉग बनवणं कुणी शिकवलेलं नसतं. ग्रामीण घरांसाठी २० तासांचा ‘पीएमजीदिशा’ अभ्यासक्रम २०१७ मध्ये आला, तोही मार्च २०२४ मध्ये संपला. म्हणजे जागा रिकामी आहे.

संधी पहिली: दुकानातून वायफाय

डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ‘पीएम-वाणी’ योजना मंजूर केली. यात किराणावाला, चहावालासुद्धा वायफाय विकू शकतो. त्याला ‘पीडीओ’ म्हणतात. दूरसंचार खात्याचा परवाना लागत नाही, नोंदणी फी नाही. नोंदणीकृत ‘पीडीओए’ कंपनीशी करार करायचा; ग्राहकांची ओळख आणि हिशेब ती सांभाळते.

हिशेब करून बघा. समजा, रोज १५ जणांनी १० रुपयांचं कूपन घेतलं. महिन्याचे झाले ४,५०० रुपये. त्यातून ब्रॉडबँडचं बिल, कंपनीचा वाटा आणि वीज वजा करा. उरलं ते तुमचं. पण १५ च्या जागी ५ च ग्राहक आले तर? जमा फक्त १,५००. बिल भरून हाती फारसं काही राहणार नाही. म्हणून निव्वळ वायफायवर दुकान काढू नका. चालत्या दुकानाला जोड द्या. आणि राउटरसाठी छोटा यूपीएस घ्याच. पावसाळ्यात लाइट गेली की धंदा बंद!

संधी दुसरी: शिकवणं

- पाच-सहा ताईंची तुकडी करा. वेळ त्यांच्या सोयीची, जागा त्यांच्या विश्वासाची: अंगणवाडी, विहार, बचत गटाची खोली.
- उर्दू माध्यमातून शिकलेल्या ताईंचा फोन उर्दूत करून द्या. टाइप जमत नसेल तर बोलून लिहायला शिकवा.
- त्यांच्याच मालावर शिकवा: सुकी मासळी, कोकम, आंबापोळी, शिवणकाम. पहिल्या दिवशी फोटो, दुसऱ्या दिवशी भाव, तिसऱ्या दिवशी ऑर्डर.
- एक गोष्ट पाठच करून घ्या: पैसे *घ्यायला* पिन लागत नाही. कुणी मागितला तर फोन ठेवा. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर तक्रार.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. एका ताईचे पैसे पहिल्याच महिन्यात बुडाले, तर अख्खी वाडी फोनला हात लावणार नाही, आणि तुमचाही धंदा बसेल. विश्वास हेच तुमचं भांडवल.

भांडवलाचं काय?

‘उद्यम’ नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. एजंटला पैसे देऊ नका. अल्पसंख्याक समाजातल्या उद्योजकांनी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या कर्ज योजनांची चौकशी जरूर करावी. मात्र कर्ज सगळ्यात शेवटी.

या आठवड्यात एवढंच करा: वही घेऊन वाडीत फिरा. किती घरांत नेट नीट चालतं? किती जणी काही ना काही विकतात? त्यांचं कुठे अडतं? तीस घरांची उत्तरं मिळाली की धंदा करायचा की नाही, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

चला, लागा कामाला!