करारातून सुटका

करार करताना आपण वकिलाचा सल्ला घेतो. त्यातून मोकळे कसे व्हावे, हे मात्र बहुधा अडचणीत सापडल्यावरच विचारतो. तेव्हा १८७२ चा करार कायदा याविषयी काय सांगतो, ते आज आपण पाहू.

पहिला मार्ग सरळ आहे. कबूल केलेले पार पाडावे. माल पोचला, पैसे चुकते झाले, की करार संपला.

दुसरा मार्ग संमतीचा. कलम ६२ प्रमाणे दोघांनी मिळून जुन्या कराराऐवजी नवा केला, त्यात फेरफार केला किंवा तो रद्द केला, तर जुन्याचे बंधन उरत नाही. कलम ६३ त्याहून उदार आहे. इंग्रजी न्यायालयांच्या जुन्या नियमाप्रमाणे शंभर पौंडांच्या देण्यापोटी नुसते पन्नास घेऊन सावकार 'फिटले' म्हणाला, तरी ऋणको सुटत नसे. आपल्याकडे धनको सगळे देणे किंवा त्याचा काही भाग सोडू शकतो, मुदतही वाढवू शकतो; त्यासाठी मोबदला लागत नाही.

तिसरा मार्ग अशक्यतेचा, आणि गल्लत होते ती येथेच. करारानंतर काम अशक्य किंवा बेकायदेशीर झाले, तर कलम ५६ ने करार शून्य होतो. पण भाव चढले, नफा बुडाला, ही अशक्यता नव्हे. १९४० साली कलकत्त्यात एका कंपनीने रस्ते व गटारे बांधून प्लॉट विकण्याचे कबूल केले. पुढे महायुद्धात सरकारने ती जमीन लष्करासाठी ताब्यात घेतली. करार संपला, असे कंपनी म्हणू लागली. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. कराराचा पायाच ढासळला तर तो संपतो, हे न्यायालयाने मानले. पण येथे ताबा तात्पुरता होता, करारात मुदत नव्हती आणि युद्धकाळात विलंब होणार हे उभयतांना ठाऊक होते.

चौथा मार्ग भंगाचा. एकाने करार पाळण्यास साफ नकार दिला, तर दुसरा कलम ३९ प्रमाणे करार संपवू शकतो. पण मोडणारा सुटत नाही. कलम ७३ प्रमाणे त्याच्यावर नुकसानभरपाई येते.

सारांश, आपली गैरसोय आपल्याला मोकळे करीत नाही. समोरच्याची संमती करते. म्हणून अडचण दिसताच गप्प न बसता त्याच्याशी बोलावे, आणि जे ठरेल ते सहीनिशी लिहून घ्यावे. तोंडी दिलेली सूट कोर्टात शाबीत करणे कठीण जाते.