आवडीचा व्हिडिओ, दुसऱ्याचं गाणं

रायपूरच्या पुरानी बस्तीतून बोलतो आहे. आजचा विषय तरुण मुलांनी सुचवला, पण तो माझ्यासारख्या निवृत्त फौजी माणसाच्या फोनमध्येही येऊन पडतो. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २६ जुलैचा कारगिल विजय दिवस आला की आमच्या जुन्या पलटणीच्या ग्रुपवर व्हिडिओंची रीघ लागते. बर्फातले जवान, हुतात्म्यांचे फोटो आणि मागे लता मंगेशकरांचा आवाज. गणपतीत आणि शिवजयंतीला मराठी घरांतून हेच चालतं. कुणी एका सिनेमाची दृश्यं दुसऱ्या गाण्यावर बसवतं, कुणी आजी-आजोबांच्या लग्नाचे फोटो जुन्या भावगीताला जोडतं. हे सगळे चाहत्यांनी केलेले म्युझिक व्हिडिओ. करणारे हौशी असतात, एकमेकांना शिकवतात, एकमेकांचं काम बघून दाद देतात.

आणि मग एक दिवस त्यातला आवाज गायब होतो, किंवा अख्खा व्हिडिओच निघून जातो. मुलं विचारतात, "काका, आम्ही एक रुपया घेतला नाही. मग चोरी कशी?"

प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर आधी सांगतो, मग कारणं देतो. पैसे न घेतल्यामुळे तुमचा हेतू स्वच्छ ठरतो, पण हक्क मिळत नाही. आपल्या देशात हे व्हिडिओ टिकून आहेत ते मालकाने दिलेल्या मुभेवर. मुभा देणारा ती केव्हाही काढून घेऊ शकतो.

एका गाण्याचे मालक किती?

आपण म्हणतो, गाणं लताबाईंचं. कायदा तसं बघत नाही. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात शब्द वेगळे, चाल वेगळी आणि ध्वनिमुद्रण वेगळं. शब्द आणि चाल यांचा हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. वर गायकाचे हक्क आहेतच. सिनेमातली दृश्यं वापरलीत, तर चित्रपटाचा मालक आणखी वेगळा.

उदाहरण 'ऐ मेरे वतन के लोगों' याचंच घेऊ. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर लताबाईंनी ते गायलं. शब्द कवी प्रदीप यांचे, चाल सी. रामचंद्र यांची, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची. १९६३ साली प्रकाशित झालेल्या कोणत्याही ध्वनिमुद्रणाची मुदत ३१ डिसेंबर २०२३ ला संपली. कुणी म्हणेल, मग झालं गाणं मोकळं. थांबा. सी. रामचंद्र १९८२ मध्ये गेले, त्यामुळे चालीवरचा हक्क २०४२ अखेरपर्यंत. प्रदीप १९९८ मध्ये गेले, त्यामुळे शब्दांवरचा हक्क २०५८ अखेरपर्यंत. जुनी तबकडी मोकळी झाली, तरी तिच्यावर कोरलेले शब्द आणि चाल मोकळे झालेले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या पवित्र गाण्यावर कसला हक्क सांगता? त्यामागची गोष्ट फौजेतल्या लोकांनी तरी विसरू नये. प्रदीप यांनी या गाण्याची रॉयल्टी युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांच्या निधीला देऊ केली होती. पुढे हे प्रकरण न्यायालयात गेलं आणि ऑगस्ट २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेकॉर्ड कंपनीला त्या निधीसाठी १० लाख रुपये भरायला सांगितलं. कवीने दिलेला शब्द आणि त्या बायकांचे पैसे, दोन्ही ज्या दोरीला बांधलेले होते ती दोरी कॉपीराइटची होती. कायदा नसता तर दाद कशाच्या आधारावर मागितली असती? म्हणून कॉपीराइट म्हणजे फक्त बड्या कंपन्यांची दादागिरी, असं मी म्हणणार नाही.

कायदा काय देतो, काय देत नाही

कायद्याचं ५२ वं कलम सवलतींचं आहे. खासगी वापर, अभ्यास, टीका किंवा समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन, यासाठी दुसऱ्याची कृती रास्त प्रमाणात वापरता येते. धार्मिक विधी, सरकारी समारंभ, लग्नाची वरात यांत गाणं वाजवायलाही सूट आहे. मात्र वरातीत वाजवणं वेगळं आणि त्या वरातीचा व्हिडिओ गाण्यासकट जगासमोर ठेवणं वेगळं. घरातल्या टीव्हीवर पाहुण्यांना दाखवलात तर तो खासगी वापर, इंटरनेटवर टाकलात की तो खासगी उरत नाही. आवडीपोटी, विनामोबदला केलेल्या व्हिडिओला सूट देणारं कलम आपल्या कायद्यात नाही.

यावर काही समजुती पसरल्या आहेत. तीस सेकंदांपर्यंत चालतं म्हणे. कायद्यात असा कोणताही आकडा नाही. खाली 'हक्क मूळ मालकाचे' असं लिहिलं की झालं म्हणे. नाव लिहिणं चांगलंच, पण नाव म्हणजे परवानगी नव्हे. शेजाऱ्याची सायकल नेताना तिच्यावर शेजाऱ्याचं नाव लिहिलं, तरी विचारावं लागतंच. स्वतः गायलं तर चालतं म्हणे. तसं केल्याने ध्वनिमुद्रणाचा प्रश्न सुटतो, शब्द आणि चालीचा राहतोच.

पैसे न घेण्याला कायद्यात काहीच किंमत नाही का? आहे, पण फार उशिरा. ६३ वं कलम शिक्षेचं आहे: जाणूनबुजून भंग केल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. तिथे म्हटलं आहे की भंग व्यापारी लाभासाठी नसेल, तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. म्हणजे हौस आणि धंदा यांतला फरक कायद्याला कळतो, पण तो गुन्हा सिद्ध झाल्यावर. दारातच विचारायला हवी होती ती गोष्ट तुरुंगाच्या उंबरठ्यावर विचारली जाते.

मग लाखो व्हिडिओ चालतात कसे?

टी-सीरिजने २००७ मध्ये यूट्यूबवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला होता. त्याच वर्षी यूट्यूबने कॉन्टेंट आयडी नावाची यंत्रणा आणली. कंपनी आपली गाणी तिथे नोंदवते, यंत्र प्रत्येक नवा व्हिडिओ त्यांच्याशी ताडून बघतं. जुळणी झाली की मालकाला तीन वाटा असतात: व्हिडिओ अडवणं, तो चालू ठेवून जाहिरातीचे पैसे स्वतः घेणं, किंवा नुसतं लक्ष ठेवणं. बऱ्याच कंपन्या मधली वाट घेतात. तुमच्या व्हिडिओखाली 'क्लेम' दिसतो तो हाच. घाबरायचं कारण नाही, कमाई त्यांच्याकडे जाते एवढंच. 'स्ट्राइक' मात्र वेगळा. तो मालकाने रीतसर तक्रार केल्यावर बसतो, आणि ९० दिवसांत तीन बसले तर चॅनेल बंद होऊ शकतं.

टी-सीरिजच्याच मायस्पेसविरुद्धच्या खटल्यात डिसेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितलं की नेमकी कोणती कृती आक्षेपार्ह आहे हे कळल्याशिवाय अशा मंचाला जबाबदार धरता येत नाही. मंच सुटला, पण व्हिडिओ टाकणारा सुटला नाही. त्याच्या बाजूची एक तरतूद मात्र माहीत असू द्या. आपल्या नियमांप्रमाणे मालकाची लेखी तक्रार आली की मंचाने ३६ तासांत व्हिडिओ थांबवायचा. पण २१ दिवसांत मालकाने न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर मंच तो परत सुरू करू शकतो.

कंपन्या हे व्हिडिओ चालू देतात त्यात त्यांचाही फायदा असतो. २०१६ मध्ये 'सैराट'चं 'झिंगाट' आलं. वराती, गॅदरिंग, परदेशातली मराठी मंडळं, सगळीकडे लोकांनी त्यावर नाचून व्हिडिओ टाकले. एवढी जाहिरात कोणती कंपनी पैसे मोजून करेल? आमच्या छत्तीसगढचंच बघा. सुकमा जिल्ह्यातल्या एका शाळकरी मुलाने वर्गात गायलेलं 'बचपन का प्यार' २०२१ मध्ये देशभर पसरलं. मूळ गाणं गुजरातचे गायक कमलेश बारोट यांचं. मुलाच्या भाबड्या आवाजामुळे लोक मूळ गाणंही शोधू लागले, आणि ऑगस्टमध्ये बादशाहने त्याच मुलाला घेऊन नवं गाणं काढलं.

पण मुभेचा भरवसा किती? अमेरिकेत जपानी कार्टूनची दृश्यं गाण्यांवर बसवणाऱ्या हौशी लोकांचा मोठा समूह होता. २००५ मध्ये एका रेकॉर्ड कंपनीने आपल्या बँडची गाणी असलेले व्हिडिओ काढायला सांगितले आणि कित्येकांची मेहनत तिथून हटली. तिथल्याच एका आईने आपलं बाळ प्रिन्सच्या गाण्यावर डुलतंय असा २९ सेकंदांचा व्हिडिओ २००७ मध्ये टाकला. कंपनीने तो काढायला लावला. ती भांडली. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं की तक्रार करण्याआधी तो वापर रास्त आहे का, याचा विचार मालकाने करायला हवा. एकोणतीस सेकंदांसाठी आठ वर्षं. इतकं बळ आपल्या गल्लीतल्या किती मुलांकडे असेल?

नाव कुणाचं?

छत्तीसगढमध्ये राहून या विषयावर बोलायचं आणि 'ससुराल गेंदा फूल' सोडून द्यायचं, हे शक्य नाही. २००९ च्या 'दिल्ली-६' या चित्रपटाने ते देशभर नेलं. मुळात ते इथलं लोकगीत, जोशी भगिनींच्या आवाजात इथल्या लोकांच्या आधीपासून ओळखीचं. २०२० मध्ये बादशाहचं 'गेंदा फूल' आलं, त्यात बंगालमधल्या बीरभूमच्या रतन कहार यांच्या गीताच्या ओळी होत्या, पण त्यांचं नाव नव्हतं. लोकांनी आवाज उठवल्यावर बादशाहने त्यांना पाच लाख रुपये दिले.

इथे कायद्याची दुसरी बाजू दिसते. ज्या गीताचा कर्ता ठाऊक नाही ते सर्वांचं. मात्र त्याचं नवं ध्वनिमुद्रण जो करेल त्याचा त्या मुद्रणावर हक्क. गावातली बाई पिढ्यान्‌पिढ्या गाते ते कुणाचंच नाही, आणि स्टुडिओत भरलेलं ते कंपनीचं. यंत्र चालीवरूनही जुळणी करतं, त्यामुळे उद्या त्याच बाईच्या व्हिडिओवर क्लेम आला तर नवल नाही.

पुढचा रस्ता

कॅनडाने २०१२ मध्ये कायद्यात एक कलम घातलं. सामान्य माणूस दुसऱ्याच्या कृतीतून नवं काही करून प्रसिद्ध करू शकतो, अटी चार: धंदा नको, शक्य तिथे मूळ कर्त्याचं नाव हवं, मूळ प्रत चोरीची नसावी, आणि मूळ कृतीच्या बाजाराला मोठा धक्का लागता कामा नये. असं कलम आपल्याकडे यावं असं माझं मत आहे. त्याने प्रदीप यांच्या निधीचं नुकसान होत नाही, कारण धंदा करणाऱ्याला पैसे भरावेच लागतील. आणि नाव लिहिणं हे मग सौजन्य राहणार नाही, ती अट होईल.

आता यंत्राने नकली आवाज काढण्याचं नवं संकट आलं आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाला अशा वापरापासून संरक्षण दिलं. दिवंगत गायिकेच्या आवाजात नवं गाणं 'तयार' करून त्याला श्रद्धांजली म्हणणाऱ्यांनी विचार करावा. ज्याने गायलंच नाही, त्याच्या तोंडी गाणं घालणं ही चाहत्याची रीत नव्हे.

तोपर्यंत करायचं काय? चार गोष्टी सांगतो. मंचाने स्वतः परवाना घेऊन ठेवलेल्या संग्रहातलं गाणं आधी शोधा. गीतकार, संगीतकार, गायक आणि मुद्रण करणारी कंपनी यांची नावं लिहा, लोकगीत असेल तर ज्यांच्याकडून ऐकलं त्यांचं आणि गावाचं. उधारीच्या गाण्यावर जाहिरात लावू नका. आणि मूळ फाइल घरी जपून ठेवा, कारण मंचावरची जागा आपली नाही.

शेवटी एक विनंती. पुढच्या २६ जुलैला हुतात्म्यांसाठी व्हिडिओ करणाऱ्या मुलांनी फोटोंखाली प्रत्येक जवानाचं नाव आणि पलटण लिहावी, आणि गाण्याखाली गाणं करणाऱ्यांची नावं. दोन्ही एकाच आकाराच्या अक्षरांत.