स्मारक कोणाचे आणि कोणी ठरवावे?

थोर पुरुष निवर्तला म्हणजे वर्गणी जमवावी व त्याचा पुतळा उभारावा, हा प्रघात सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु ज्यांचे नावही कोणी टिपून ठेविले नाही अशांचे स्मारक कसे करावे, आणि ते कसे असावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो. या दृष्टीने अमेरिकेतील दोन स्मारकांची हकीकत बोधप्रद वाटल्यावरून ती वाचकांपुढे ठेवीत आहो.

१८६५ साली अध्यक्ष लिंकन यांचा खून झाला. ते वर्तमान ऐकून शार्लट स्कॉट नावाच्या, दास्यातून सुटलेल्या एका बाईने स्वातंत्र्यातील आपल्या पहिल्या कमाईतून पाच डॉलर त्यांच्या स्मारकासाठी काढून दिले. तिच्यासारख्याच इतर मुक्त जनांनी, विशेषतः कृष्णवर्णीय शिपायांनी, त्यात भर घातली व हजारो डॉलर जमले. पैसा त्यांचा, परंतु निधीची व्यवस्था आणि नमुन्याची निवड मात्र गोऱ्या मंडळींच्या हाती राहिली. १४ एप्रिल १८७६ रोजी वॉशिंग्टन येथे थॉमस बॉल यांनी घडविलेल्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्यात लिंकन हात पसरून उभे आहेत, आणि त्यांच्या पायाशी जेमतेम वस्त्र नेसलेला गुलाम गुडघा टेकून आहे! त्या प्रसंगी मुख्य भाषण करणारे फ्रेडरिक डग्लस हे स्वतः गुलामगिरीतून पळून सुटलेले गृहस्थ. थोड्याच दिवसांनी त्यांनी एका वृत्तपत्रास पत्र लिहिले. त्याचा आशय असा की, आपला बांधव गुडघे टेकलेला नव्हे, तर माणसासारखा ताठ उभा दाखविणारे स्मारक मरणापूर्वी पाहावयास मिळावे. याच शिल्पाची बोस्टन येथील प्रतिकृती लोकांच्या मागणीवरून २०२० साली हलविण्यात आली.

त्याच साली व्हर्जिनिया विद्यापीठात दुसरे एक स्मारक पुरे झाले. जेफरसन यांनी १८१९ साली स्थापिलेल्या या विद्यापीठासाठी १८१७ पासून १८६५ पर्यंत सुमारे ४,००० गुलाम राबले. त्यांचे स्मारक व्हावे ही मागणी प्रथम विद्यार्थ्यांनी लावून धरली. पुढे योजकांनी गावकऱ्यांच्या व त्या गुलामांच्या वंशजांच्या सभा भरवून, स्मारक कसे असावे हे त्यांनाच विचारले. त्यातून पुतळा निघाला नाही. निघाले ते ८० फूट व्यासाचे, एका बाजूस उघडे असलेले ग्रॅनाइटचे कडे. तुटलेल्या बेडीची ती खूण होय. आतील भिंतीवर दर माणसामागे एक अशा सुमारे ४,००० खाचा जखमांसारख्या कोरल्या आहेत. शोधाअंती पाचशेंहून अधिक नावे सापडली, ती खाचांवर लिहिली. जेथे नाव मिळाले नाही तेथे नाते किंवा व्यवसाय लिहिला. उरलेल्या खाचा रिकाम्याच आहेत.

बाहेरच्या अंगास इसाबेला गिबन्स यांचे डोळे कोरले आहेत. विद्यापीठातील एका अध्यापकाच्या घरी दास्यात असलेली ही बाई मुक्त झाल्यावर आपल्याच लोकांच्या शाळेत शिक्षिका झाली. जन्मभर खडू झिजविलेल्या आम्हांस हे वाचून गहिवरून आले.

आपल्याकडे श्राद्धात नाव, गोत्र व नाते उच्चारून पाणी देतात, आणि ज्यांचे मागे कोणी उरले नाही त्यांच्यासाठीही एक ओंजळ सोडण्याची सोय शास्त्रकारांनी करून ठेविली आहे. तेव्हा त्या रिकाम्या खाचांचा अर्थ आपणांस कळण्यास कठीण पडू नये.

परंतु गुलामगिरी ही समुद्रापलीकडचीच गोष्ट असे मानून स्वस्थ बसण्याची सोय आपणांस नाही. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत. ज्या घरी त्या राबल्या त्यांत आपल्यासारख्यांचीही घरे होती. गुलामगिरीस असलेली कायद्याची मान्यता या देशात १८४३ साली गेली. आमच्या घरच्या जुन्या कागदांच्या रुमालात असाच एक कागद आहे. त्यावर किंमत चोख लिहिली आहे. नावाच्या जागी मात्र ‘कुणबीण एक’ एवढेच! तो कागद आम्ही अनेकदा पाहिला आणि लाजून पुन्हा बांधून ठेविला.

येत्या पितृपक्षात तिच्यासाठी एक ओंजळ पाणी सोडण्याचे व तो कागद घरातील मुलांस वाचून दाखविण्याचे आम्ही योजिले आहे. तिचे स्मारक कसे असावे हे आम्ही सांगू नये. तिचे वंशज कोठे असतील तर तो अधिकार त्यांचा. आमच्याकडे असलेला कागद त्यांच्यापासून लपवू नये, एवढे मात्र आमचे कर्तव्य आहे.