दारू सोडणाऱ्यांसाठी मदत गट : कसा शोधावा, कसा चालवावा

हलक्या धानाची कापणी-चुरणी दिवाळीच्या सुमारास आटोपते आणि शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा येतो. गोंदिया जिल्ह्यात याच दिवसांत गावोगावी मंडई भरते, नाटके होतात, पाहुणे येतात. ज्याला दारूचे व्यसन जडले आहे, त्याच्यासाठी हाच काळ सर्वांत कठीण असतो. पीक चांगले येऊनही सोसायटीचे कर्ज फिटत नाही आणि रोवणीच्या वेळी पुन्हा उसनवारी करावी लागते, अशी घरे आपल्या पाहण्यात असतात. अशा घरांना मदत गटाचा उपयोग कसा होतो, याची माहिती येथे दिली आहे.

व्यसन हा आजार आहे

दारूचे व्यसन म्हणजे केवळ वाईट सवय नव्हे. दीर्घकाळ दारू घेतल्याने मेंदूला तिची गरज भासू लागते आणि पिण्यावरचा ताबा सुटतो. केंद्र शासनासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २ कोटी ९० लाख लोक दारूच्या पूर्ण आहारी गेलेले आहेत. म्हणून नुसती शपथ घालून किंवा ताईत बांधून भागत नाही.

आधी डॉक्टर, मग गट

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास हातपाय थरथरणे, घाम, झोप न येणे असा त्रास सुरू होतो. काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात, तर काहींना दोन-तीन दिवसांनी भास होऊन भ्रम होतो. ही अवस्था जिवावर बेतू शकते. त्यामुळे दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. गोंदिया येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवावे, किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात अथवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे.

रुग्णाच्या नकळत चहा-भाजीतून औषध देण्याच्या जाहिरातींना बळी पडू नये. दारू सोडविण्याच्या काही औषधांवर दारू प्यायल्यास रक्तदाब एकदम खाली येऊन मृत्यूही ओढवू शकतो.

मदत गट म्हणजे काय?

औषधाने शरीरातील दारू उतरते. मनातील ओढ मात्र पुढे बराच काळ राहते. त्यासाठी गट उपयोगी पडतो. १९३५ साली अमेरिकेतील अक्रन गावी एक शेअर दलाल व एक डॉक्टर, दोघेही दारूच्या व्यसनात बुडालेले, एकमेकांशी बोलून दारूपासून दूर राहू लागले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजे ‘ए.ए.’ ही चळवळ उभी राहिली. बैठकीत प्रत्येक जण आपला अनुभव सांगतो. फी नसते. जात, धर्म विचारला जात नाही. नाव व बोलणे बाहेर जात नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. ‘आजचा दिवस प्यायची नाही’ एवढाच निश्चय रोज करायचा असतो.

महाराष्ट्रात पुणे येथे डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्रातही उपचारानंतरच्या पाठपुराव्याला महत्त्व दिले जाते.

गट कसा शोधावा?

१) उपचार करणाऱ्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना जवळच्या बैठकीची चौकशी करावी.
२) १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस बोलता येते.
३) नागपूर येथे ए.ए.च्या बैठका होतात. सालेकसा, आमगाव, गोंदिया, तिरोडा ही स्थानके नागपूरच्याच रेल्वेमार्गावर आहेत. सुरुवातीला एक-दोनदा जाऊन बैठक पाहून यावी. मोबाइलवरूनही बैठकीत भाग घेता येतो.
४) गावात ओळख उघड होण्याचा संकोच वाटत असल्यास दुसऱ्या तालुक्यातील बैठकीस जावे.
५) जेथे रुग्णास बांधून ठेवतात, मारतात किंवा डॉक्टर नसतो, अशा केंद्रात रुग्णास ठेवू नये.

जवळ गट नसल्यास

दारू सोडू इच्छिणारी दोन-तीन माणसे एकत्र बसली तरी ए.ए.च्या परंपरेप्रमाणे तो गट होतो. शाळेची खोली किंवा समाजमंदिर पुरेसे आहे. वार व वेळ ठरलेली असावी आणि ती रोवणी-कापणीच्या घाईतही मोडू नये. आठवडी बाजाराच्या दिवशी हाती पैसा असतो आणि पाय गुत्त्याकडे वळतात. त्याच दिवशी बाजाराच्या गावी बैठक ठेवल्यास दुहेरी फायदा होतो. बैठकीत उपदेश, वादविवाद व राजकारण टाळावे. एखादा पुन्हा प्यायला तर त्याला हाकलू नये. पऱ्हे वाहून गेले म्हणून आपण शेती सोडत नाही.

घरच्यांनी काय करावे?

प्यालेल्या अवस्थेत वाद घालू नये. सकाळी शुद्धीवर असताना बोलावे. त्याची उधारी फेडून किंवा खोटी कारणे सांगून व्यसन झाकू नये. धानाचे पैसे शक्यतो संयुक्त खात्यात जमा होतील असे पाहावे. मारहाण होत असल्यास सहन न करता मदत मागावी. व्यसनी माणसाच्या कुटुंबीयांसाठी ‘अल्-अनॉन’ हे स्वतंत्र गट आहेत. तो दारू सोडण्यास तयार नसला तरी पत्नीने वा आईने त्या बैठकीस जाण्यास हरकत नाही.

शेतकरी बंधूंनो, धानाला रोग लागला तर आपण लगेच कृषी सहायकाला विचारतो. घरातील माणसाच्या आजाराबाबत मात्र लाजेपोटी वर्षे निघून जातात. यंदा धान विकून पैसे हाती येण्यापूर्वीच डॉक्टरांची भेट घ्यावी आणि बैठकीचा वार ठरवावा.