आजी बोलताना का थांबते?

दिग्रसच्या बाजारातून भाजीची पिशवी घेऊन चाललेल्या आजीला कुणीतरी विचारतं, "काहो आजी, कुठं चालल्या?" आजी आधी थांबते. पिशवी या हातातून त्या हातात घेते, पाय नीट रोवते आणि मग म्हणते, "थांब ना बाप्पा, सांगतो." बघणाऱ्याला वाटतं, आजी मोठी गप्पिष्ट!

आजीच्या त्या थांबण्यात एक शोध दडला होता. तो लागला हजारो किलोमीटर दूर, स्वीडनमधल्या उमेओ शहरात. फिजिओथेरपिस्ट लिलेमोर लुंडिन-ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धनिवासातल्या 58 जणांबरोबर चालता चालता गप्पा सुरू केल्या. 12 जण बोलण्यासाठी थांबले. मग सहा महिने कोण कोण पडतं याची नोंद ठेवली. थांबलेल्या 12 पैकी 10 जण पडले. न थांबलेल्या 46 पैकी पडले 11. यंत्र नाही की रक्ताची तपासणी नाही. 1997 साली ही छोटीशी टिपणी 'लॅन्सेट'मध्ये छापून आली आणि जगभरचे डॉक्टर चमकले.

बोलण्याचा आणि पडण्याचा संबंध काय? तळहातावर काठी उभी धरून पाहा. हात क्षणभरही स्थिर राहत नाही. आपलं उभं राहणंही तसंच असतं. शरीर सारखं झुलतं. तळपाय, डोळे आणि आतला कान त्याची खबर देतात, मेंदू स्नायूंना सावरायला लावतो. तरुणपणी हे नकळत चालतं. वय झालं की तळपायाची संवेदना बोथट होते, नजर मंदावते. मग तोल राखायला लक्ष द्यावं लागतं. लक्षाची शिदोरी मोजकी. बोलण्यानंही तिच्यातच हात घातला, की पायांच्या वाट्याला कमी येते.

हे लक्ष वाटून देणारा कारभारी कपाळामागच्या मेंदूत बसला असावा, असा संशय होता. पण तो पडताळायचा कसा? त्यासाठी जिवंत माणसाची कवटी कोण उघडणार?

वाट आधीच सापडू लागली होती. 1980 मध्ये लंडनला मर्टन आणि मॉर्टन यांनी डोक्यावरून विजेचा जोरदार झटका दिला आणि हाताचा स्नायू आखडला. मेंदू बाहेरून जागा करता येतो हे सिद्ध झालं, पण झटका फार दुखायचा. 1985 मध्ये शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी फॅरेडेचा जुना नियम कामी आणला. तारेच्या वेटोळ्यातून विजेचा लोट सोडला. त्याच्या चुंबकीय क्षेत्रानं मेंदूत प्रवाह उमटला आणि हात हलला. दुखणं जवळजवळ नाहीच.

जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये निच्छे आणि पॉलस यांनी याहून साधा मार्ग धरला. डोक्यावर दोन ओले पॅड लावून त्यांनी अगदी क्षीण विद्युतप्रवाह काही मिनिटं सोडला. हात हलला नाही. पण बार्करच्या पद्धतीनं मोजल्यावर कळलं, की त्या भागातल्या मेंदूची उत्तेजनक्षमता 40 टक्क्यांपर्यंत बदलली होती, आणि प्रवाह बंद केल्यावरही काही मिनिटं तशीच राहिली. हा निबंध 2000 सालचा. या पद्धतीला टीडीसीएस म्हणतात.

आता पुन्हा तोलाकडे. जुनहाँग झोऊ, ब्रॅड मॅनर आणि सहकाऱ्यांनी 20 तरुणांच्या कपाळामागच्या डाव्या भागावर 20 मिनिटं असा प्रवाह दिला. दुसऱ्या खेपेला नुसतं नाटक: सुरुवातीला मुंग्या येण्यापुरता प्रवाह, मग बंद. खरा कोणता, खोटा कोणता, हे ना तरुणांना ठाऊक, ना मोजणाऱ्यांना. मग तरुणांना उभं केलं, चालवलं, आणि त्याच वेळी मनातल्या मनात वजाबाक्या करायला लावल्या.

2014 साली निकाल छापून आला. नुसतं उभं राहताना किंवा चालताना खऱ्या प्रवाहानं काही फरक पडला नाही. पण वजाबाकी करताना तोल आणि चाल जेवढी बिघडायची, तेवढी आता बिघडली नाही. प्रवाहानं पायांची ताकद वाढवली नव्हती. कारभाऱ्याला वाटणी नीट करायला मदत केली होती. पुढे 37 वृद्धांवरच्या चाचणीतही हाच कल दिसला. संशयाला बळ मिळालं.

पण हुरळून जायचं कारण नाही. हे मोजमाप प्रवाहाच्या आधीचं आणि लगेच नंतरचं. लोक पडायचे थांबले का, हे या प्रयोगांनी तपासलंच नव्हतं. तेव्हा बॅटरी आणि तारा जोडून घरी कुणी प्रयोग करू नये; कातडी भाजते, आणि फिट येणाऱ्यांना किंवा डोक्यात धातू बसवलेल्यांना धोका जास्त.

आपल्या हाती उरतं ते उमेओचं निरीक्षण, आणि त्याला पैसा लागत नाही. आजी चालत असताना मागून हाक मारू नका. समोर जा, तिला थांबू द्या, मग बोला. आणि पूर्वी चालता चालता बोलणारी आजी आता दर वेळी थांबू लागली असेल, तर पडण्याची वाट न पाहता तिला डॉक्टरांकडे न्या.