शेतकऱ्याच्या मुलांस परिसंस्थेची ओळख

शेतकऱ्याचें मूल चालूं लागलें कीं शेतांत जातें. परंतु शेतांतील जीवांचा परस्परसंबंध त्यास क्वचितच कोणी समजावून देतो. एखाद्या ठिकाणचे सर्व जीव आणि तेथील माती, पाणी, हवा व ऊन मिळून जी एक व्यवस्था होते, तीस परिसंस्था म्हणतात. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ टॅन्स्ले यांनीं ही कल्पना १९३५ सालीं मांडली.

नांव अवघड असलें तरी वस्तु दाखविणें सोपें आहे. मुलांस बांधावर न्यावें व प्रत्येक जीवाविषयीं तीन प्रश्न विचारावयास लावावे: हा काय खातो? यास कोण खातें? मेल्यावर याचें काय होतें? ज्वारी उन्हाच्या योगानें आपलें अन्न आपण तयार करते. तिचा दाणा उंदीर खातो. उंदरास धामण व घुबड खातात. मेलेल्यांची माती किडे, बुरशी व जंतु करतात, आणि त्याच मातींत पुन्हां ज्वारी वाढते.

मग परिसंस्थेचे प्रकार सांगावे. सोलापूरकडे पाऊस थोडा, म्हणून माळरानावर गवत मुख्य. तें काळवीट चरतो व काळविटाची शिकार लांडगा करतो. सह्याद्रीवर पाऊस फार, म्हणून तेथें सदाहरित अरण्यें आहेत. कोंकणच्या खाड्यांत भरतीचें खारें पाणी येतें; तेथें तिवरांच्या मुळांमध्यें मासे व कोळंबी यांचीं पिलें आसरा घेतात. शेत ही मात्र मनुष्यानें केलेली परिसंस्था होय. तें पडीक टाकलें कीं तेथें गवत व झुडपें माजतात.

एक दुवा तुटल्यास काय होतें, हें गिधाडांवरून कळतें. गुरांच्या सुजेवर व वेदनेवर डायक्लोफिनॅक नांवाचें औषध दिलें जाई. तें दिल्यावर लौकरच मेलेलें गुरूं खाल्लें कीं गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामी होत. १९९२ ते २००७ या काळांत भारतांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें शेंकडा ९९ हून अधिक घटलीं. मेलेलीं गुरें कुजत पडूं लागलीं व भटकीं कुत्रीं वाढलीं. २००६ सालीं सरकारनें गुरांसाठीं या औषधास बंदी केली, तरी गिधाडांची संख्या अद्याप पूर्ववत् झालेली नाहीं. औषध देणाऱ्या शेतकऱ्यास गिधाडांचें वाईट करावयाचें नव्हतें. त्यास हा संबंध ठाऊक नव्हता, एवढेंच.

आपलीं मुलें उद्यां हींच शेतें कसतील. कोणतें औषध फवारावें व कोणता जीव राखावा, हें तींच ठरवितील. म्हणून वाचकांस आमची विनंति आहे कीं, हे तीन प्रश्न त्यांस आतांच शिकवावे. साप दुरूनच पाहावा, हेंहि बजावावें. परंतु धामण दिसतांच काठी उचलण्यापूर्वीं ती काय खाते, हें मुलांस आठवलें पाहिजे.